वरसई ते अंतराळ : प्रवासाचे मोल

अंतराळ पर्यटन म्हणजे कोट्यधीशांची चैन, असे सहज म्हटले जाते. २००१ साली डेनिस टिटो हे अमेरिकन उद्योजक सुमारे २ कोटी डॉलर मोजून रशियन सोयूझ यानातून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. स्वतःच्या पैशाने अंतराळात जाणारे ते पहिले पर्यटक. अशा सहलींतून इतरांच्या पदरी काय पडते? या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला पेण तालुक्यातील वरसई आठवते.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काका रामभटांसह उत्तर हिंदुस्थानात निघाले. ज्ञानार्जन हा काही हेतू नव्हता. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याने दक्षिणेची आशा होती. महूपाशी बंडाची वार्ता कळली, तरी ते मागे फिरले नाहीत. १८५८ च्या वेढ्यात ते झाशीतच होते. मिळवलेले धन लुटले गेले. आईवडिलांसाठी घेतलेली गंगेची कावड मात्र घरी पोचली.

जमाखर्च मांडला तर प्रवास तोट्याचा. पण पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून विष्णुभटांनी सारे लिहून काढले. 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते हयात नव्हते. सुमारे पंचवीस वर्षांनी आठवणीतून लिहिल्यामुळे ते इतर साधनांशी ताडून पाहावे लागते. तरीही वेढ्यातील झाशी आतून पाहिलेल्या सामान्य माणसाची साक्ष इतिहासाला मिळाली, ती या पुस्तकामुळे.

अंतराळातही असे घडू लागले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये 'इन्स्पिरेशन-४' या खासगी मोहिमेत चार सामान्य नागरिक सुमारे तीन दिवस पृथ्वीभोवती फिरले. त्यांतील हेली आर्सेनो यांच्या पायात, बालपणीच्या कर्करोगावरील उपचारात बसवलेला कृत्रिम भाग होता. चौघांनी रक्तादी नमुने दिले. त्यांवरील संशोधन २०२४ साली प्रसिद्ध झाले. चौघांवरून नियम बांधता येत नाही. पण निवडक, धडधाकट अंतराळवीरांपलीकडच्या माणसांवर अंतराळप्रवासाचा काय परिणाम होतो, या अभ्यासाला त्यामुळे चालना मिळाली.

काही मिनिटे वर जाऊन परतणाऱ्या प्रत्येक सहलीतून असे काही हाती लागेलच असे नाही. म्हणून 'खर्च किती?' याबरोबरच 'परत येताना काय आणले?' हेही विचारावे. रोह्याच्या शाळेची सहल कुडे लेण्यांना गेली, तरी प्रश्न हाच. पाहिलेले त्याच दिवशी टिपून ठेवण्याची सवय शिक्षकांनी मुलांना लावावी. त्यासाठी पंचवीस वर्षे थांबण्याचे कारण नाही.