रेग्युलर की एक्स्टर्नल?

नोकरीच्या फॉर्मवर एक रकाना हमखास असतो. पदवीचं नाव, साल, टक्के, आणि मग शेवटी हळूच एक प्रश्न: रेग्युलर की एक्स्टर्नल? मराठीत तर याहून भारी शब्द आहे, 'बहिःस्थ'. म्हणजे जो बाहेर उभा आहे तो. आत वर्ग भरलाय, फळ्यावर काहीतरी लिहिलंय, आणि आपण खिडकीच्या गजांना धरून ऐकतोय असं काहीतरी चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं.

सांगायचं कारण म्हणजे मी स्वतः सध्या बहिःस्थ आहे. इंजिनियरिंग झालं, नोकरी लागली, आणि दहा वर्षांनी इतिहासात एम. ए. करायची खाज सुटली. पहिल्यांदा नाव घातलं तेव्हा पुस्तकांचं पार्सल आलं, ते कपाटावर गेलं, आणि वर्षभरानी धूळ झटकून रद्दीच्या गठ्ठ्याशेजारी आलं. आता ही दुसरी खेप. परवा रात्री रिलीज संपवून अकरा वाजता स्वाध्याय लिहायला बसलो आणि मनात आलं, हा उद्योग पहिल्यांदा कुणी सुरू केला असेल? दोन शनिवार त्यातच गेले. स्वाध्याय राहिलाच, पण जे सापडलं ते सांगतो.

सुरुवात होते टपालापासून. १८४० च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये पेनी पोस्ट सुरू झालं. देशात कुठेही पत्र पाठवा, साध्या वजनाला एकच पेनी. त्याआधी टपाल अंतरावर मोजलं जाई आणि सामान्य माणसाला परवडत नसे. बाथ गावी आयझॅक पिटमन नावाचे एक मास्तर होते. त्यांनी १८३७ मध्ये स्वतःची शॉर्टहँड लिपी छापली होती. (हो, तोच पिटमन. आपल्याकडे टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पाट्यांवर ज्याचं नाव दीडशे वर्षांनीही दिसायचं तो.) पेनी पोस्ट आल्यावर त्यांनी काय केलं, तर अख्खी पद्धत एका छोट्या पत्रकावर छापली आणि लोकांना सांगितलं, बायबलमधला उतारा शॉर्टहँडमध्ये लिहून मला पाठवा, मी चुका दुरुस्त करून परत पाठवतो. दुरुस्तीचे पैसे नाहीत.

यातला महत्त्वाचा भाग शेवटचा आहे. पत्रक छापणं सोपं होतं, छापील पुस्तकं तर चारशे वर्षं होतीच. नवीन होतं ते हे की तुमचा कागद लाल शाईनं रंगून तुमच्याकडे परत येणार. आमच्या धंद्यातल्या लोकांना एका ओळीत सांगायचं तर पुस्तक म्हणजे यूडीपी, पाठवलं की संपलं, पोचलं की नाही याची फिकीर नाही. पिटमनचं काम टीसीपीचं. पलीकडून पोच आल्याशिवाय पुढे जायचं नाही, नाही आली तर पुन्हा पाठवायचं. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता विद्यापीठाकडे येऊ. लंडन विद्यापीठ १८३६ मध्ये स्थापन झालं ते मुख्यतः परीक्षा घेण्यासाठी. शिकवायचं काम कॉलेजांचं, विद्यापीठानं पेपर काढायचे आणि पदव्या द्यायच्या. १८५४ च्या वूडच्या खलित्यात हिंदुस्थानातल्या विद्यापीठांसाठी हाच नमुना ठरला, आणि १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं त्या साच्यातून निघाली. गंमत पुढे आहे. लगेच पुढच्या वर्षी, १८५८ मध्ये, खुद्द लंडननं साचा मोडला. नवीन सनद आली आणि ठरलं की संलग्न कॉलेजात हजेरी लावलीच पाहिजे असं नाही. कुठेही शिका, कसंही शिका, पेपर द्या. आपल्याकडे मात्र संलग्न कॉलेजांची व्यवस्था कायम राहिली आणि आजही आहे. एका वर्षानं गाडी चुकली म्हणायची.

या सवलतीचा फायदा घेणाऱ्यांत एक नाव आपल्या चांगलंच ओळखीचं आहे. मोहनदास करमचंद गांधी. बॅरिस्टर व्हायला गेले होते, त्या अभ्यासातून वेळ उरत होता, म्हणून त्यांनी लंडनची मॅट्रिक द्यायचं ठरवलं. लॅटिन सक्तीचं होतं. हातात जेमतेम पाच महिने. पहिल्या खेपेला लॅटिनमध्ये नापास झाले. मग विषयात बदल केला, खोली स्वस्तातली घेतली, स्वयंपाक हातानं करायला लागले, आणि १८९० मध्ये दुसऱ्या खेपेला पास झाले. दुसऱ्या खेपेवाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. मी वाचलं.

पण लंडननं दार उघडलं तरी आत शिकवायला कुणी नव्हतं. पेपर होते, मास्तर नव्हते. ही पोकळी धंदेवाल्यांनी बरोबर हेरली. १८८७ मध्ये विल्यम ब्रिग्ज यांनी युनिव्हर्सिटी कॉरस्पॉन्डन्स कॉलेज काढलं, आणि लंडनच्या परीक्षांची तयारी टपालानं करून द्यायला सुरुवात केली. थोडक्यात, आजच्या क्लासेसचे पणजोबा. तिथे उत्तरं तपासायला ठेवलेल्या मास्तरांत एच. जी. वेल्स नावाचा तरुण होता. त्यानं स्वतः लंडनची बी. एस्सी. १८९० मध्ये बाहेरूनच केली होती. 'टाइम मशीन' पुढे पाच वर्षांनी यायचं होतं.

समुद्रापलीकडे बोस्टनमध्ये याच सुमारास एक वेगळीच गोष्ट चालू होती आणि मला विचाराल तर ती सगळ्यात मोठी आहे. १८७३ मध्ये अ‍ॅना टिकनर या बाईंनी घरबसल्या अभ्यास करणाऱ्या स्त्रियांसाठी एक मंडळ काढलं. तेव्हा तिथल्या बहुतेक बायकांना कॉलेजची दारं बंद होती, आणि उघडी असती तरी घरातून निघणार कोण? मंडळाची रीत साधी. पुस्तकं टपालानं उसनी मिळायची, आणि प्रत्येक विद्यार्थिनीला एक बाई नेमून दिलेली असायची. दोघींनी महिन्याला नियमानं एकमेकींना पत्र लिहायचं. काय वाचलं, काय कळलं नाही, पुढे काय वाचायचं. शिकवणाऱ्या बायका हे काम पैसे न घेता करत. टिकनर बाई १८९६ मध्ये गेल्या आणि पुढच्या वर्षी मंडळ बंद झालं. २४ वर्षांत सात हजारांहून जास्त बायका त्यातून शिकल्या. पदवी नाही, सर्टिफिकेटची फ्रेम नाही. नोकरीच्या फॉर्मवर यांनी काय लिहिलं असतं?

बाहेर असण्याचं टोकाचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं. तिथल्या युनिसा या विद्यापीठानं १९४६ पासून टपालानं शिकवायला सुरुवात केली होती. रॉबेन बेटावर सक्तमजुरीच्या शिक्षेवर असलेले राजकीय कैदी दिवसभर चुन्याच्या खाणीत काम करत आणि रात्री कोठडीत बसून पत्राद्वारे अभ्यास करत. अभ्यास हा तिथे हक्क नव्हता, सवलत होती, आणि तुरुंगाधिकाऱ्यांच्या मर्जीनं काढून घेतली जाई. नेल्सन मंडेलांनी लपवून लिहिलेल्या आत्मकथेची पानं सापडली तेव्हा त्यांची अभ्यासाची सवलत चार वर्षं बंद झाली. ती शिक्षा होती, हे लक्षात घ्या. आपण ज्या पुस्तकांना कंटाळून झोपतो ती काढून घेणं ही शिक्षा. १९८९ मध्ये, तुरुंगात असतानाच, त्यांना युनिसाची एलएल. बी. मिळाली.

आता ब्रिटनची ओपन युनिव्हर्सिटी. १९६३ मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांनी ग्लासगोच्या भाषणात रेडिओ-टीव्हीवरच्या विद्यापीठाची कल्पना मांडली. ती तडीस नेली जेनी ली यांनी. खाणकामगाराची मुलगी, आणि हट्टी. यांना पहिल्यापासून सांगितलं गेलं की बाई, एखादं छोटंसं सर्टिफिकेट वगैरे द्या, पदवी कशाला? त्या म्हणाल्या, पदवीच, आणि इतरांच्या तोडीची, नाहीतर काहीच नको. १९६९ मध्ये सनद मिळाली. १९७० मध्ये सरकार बदललं आणि ही खुळी कल्पना गुंडाळायची भाषा सुरू झाली, पण नव्या शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी ती चालू ठेवली. जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांनी अभ्यास सुरू केला. प्रवेशाला आधीची कुठलीही परीक्षा पास असायची अट नव्हती.

सगळ्यांना लक्षात राहतात ते बीबीसीवरचे भल्या पहाटेचे आणि रात्री उशिराचे तास आणि त्यातले दाढीवाले प्राध्यापक. पण विद्यापीठ टीव्हीवर चाललं नाही. ते चाललं ट्यूटरवर. प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या भागातला एक ट्यूटर, त्याच्याकडे ठरलेल्या तारखांना स्वाध्याय पाठवायचे, आणि त्यानं नुसते मार्क न देता शेरे लिहून परत करायचे. विज्ञानाच्या मुलांना प्रयोगाचं सामान पेटीत भरून घरी येई, अगदी मायक्रोस्कोपसुद्धा. उन्हाळ्यात आठवडाभराचं निवासी शिबिर. म्हणजे लंडननं १८५८ मध्ये परीक्षेपासून शिकवणं तोडलं होतं, ते इथे पुन्हा जोडलं गेलं. टीव्हीवरचे ते तास २००६ मध्ये बंद झाले, विद्यापीठाचं काही अडलं नाही. ट्यूटर मात्र अजून आहेत.

आणि आपण? दिल्ली विद्यापीठानं १९६२ मध्ये पत्राद्वारे बी. ए. सुरू केलं, हजार-अकराशे विद्यार्थ्यांपासून. मग इतर विद्यापीठांनी हाच कित्ता गिरवला. १९८२ मध्ये हैदराबादला देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ, १९८५ मध्ये इग्नू, आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. राम ताकवले तिथले पहिले कुलगुरू. ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारी करून पदवीकडे जाता येईल अशी वाट तिथे काढली, पुस्तकं मराठीत आणली, गावोगावच्या कॉलेजांत अभ्यासकेंद्रं काढली. 'बहिःस्थ' जाऊन 'मुक्त' शब्द आला तो असा. साधी गोष्ट नाही ही.

पण पत्राद्वारे शिक्षण म्हटलं की बऱ्याच ठिकाणी उरलं ते नोट्सचं पार्सल आणि वर्षाच्या शेवटी पेपर. मधली लाल शाई वाळली. माझ्या पहिल्या खेपेला मी (अगदीच रद्दी व्हायच्या आधी) एक स्वाध्याय पाठवला होता. अठरा पानं, हातानं. तो परत आला तेव्हा पहिल्या पानावर १४ आकडा होता आणि शेवटच्या पानावर सही. मधली सोळा पानं कुणी उलटली असतील असं वाटलं नाही. तेव्हाच पार्सल कपाटावर गेलं. आळस माझा होताच, नाही म्हणत नाही. पण पोच न आलेलं पॅकेट माणूस किती वेळा पाठवणार?

आज रकान्यातला प्रश्न कायद्यानं सुटलाय. यूजीसीनं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. टपालही लागत नाही, 'स्वयम्' वर २०१७ पासून व्याख्यानं पडलेली आहेत, फोनवर बघा. तरी लोक अर्ध्यात सोडतातच. मला वाटतं सोय कधीच खरी अडचण नव्हती. पिटमन, टिकनर बाई आणि जेनी ली यांना जे कळलं होतं ते एवढंच की रात्री अकराला दमून लिहिणाऱ्या माणसाला आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचतंय हे माहीत असावं लागतं.

असो. गेल्या रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र होतं. सर आले नाहीत. आम्ही चौघं आलो होतो: एक एसटी कंडक्टर, एक अंगणवाडी सेविका, एक रिटायर झालेले हवालदारकाका आणि मी. चहा प्यायलो, मग काकांनीच पिशवीतून आपला स्वाध्याय काढला आणि म्हणाले, "जरा बघता का, बरोबर आहे का?" तासभर आम्ही एकमेकांचे कागद वाचले. अंगणवाडीच्या ताईंनी माझ्या उत्तरात दोन ठिकाणी पेन्सिलनं लिहिलं, "हे कशावरून?" दोन्ही ठिकाणी त्यांचं बरोबर होतं.

पुढच्या रविवारी पुन्हा जमायचं ठरलंय. आता तो स्वाध्याय पूर्ण करतो, ताईंना दाखवायचाय.