हौदाचं पहिलं पाणी

बारा गप्पी मासे. संध्याकाळी सोडले, सकाळी सगळे पोट वर करून तरंगत होते.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. वाईला आजीच्या परसात मी हौसेनं हौद बांधला होता. पाच फूट लांब, तीन फूट रुंद, मधे छोटं कारंजं. विटा, सिमेंट, आतून गुळगुळीत घोटाई. सातव्या दिवशी पाणी भरलं आणि त्याच दिवशी मासे आणले. तिथून दहा पावलांवर पणजोबांच्या वेळचा चुन्याचा हौद आहे. त्यात मासे, बेडूक, गोगलगायी असा सगळा गोतावळा सुखानं नांदतो. आजीनं माझ्या हौदात डोकावून एवढंच विचारलं, "नव्या हौदाचं पहिलं पाणी टाकून द्यायचं असतं रे. कुणी सांगितलं नाही तुला?"

नाही सांगितलं. मी बघितलेले सगळे व्हिडिओ गळती कशी थांबवायची याचे होते. पाण्याला आत राहायचंय, तसं कुणाला तरी त्या पाण्यातही राहायचंय, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. माझ्याही. मग मी उलटीकडून वाचायला लागलो. पाणी धरून ठेवायला माणसानं आजवर काय काय लिंपलं?

सुरुवात मोहेंजोदडोपासून होते. तिथलं महास्नानगृह साधारण 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद. विटा उभ्या कडेवर अगदी घट्ट बसवलेल्या, सांध्यात जिप्समचा गिलावा आणि भिंतीच्या मागे डांबराचा थर. डांबर पाण्याच्या बाजूला नाही, मागच्या बाजूला, हे मला फार आवडलं. आमच्या गवंडीमामांनी मला आतून डांबर फासायचा सल्ला दिला होता. आज बाजारात डांबर म्हणून मिळणाऱ्या मालात कोळशाचं डांबरही असतं, आणि ते जलचरांना विषारी आहे. अमेरिकेत ऑस्टिन शहरानं पार्किंगच्या जमिनीवर तसला लेप द्यायला 2006 पासून बंदी घातली, कारण तो झिजून ओढ्यांमध्ये उतरत होता.

रोमन लोकांनी तर माशांसाठीच हौद बांधले. लुसियस क्रासस नावाच्या वक्त्याला आपला पाळलेला मासा मेल्यावर रडू आलं. विरोधकानं त्यावरून टोमणा मारला, तर क्राससनं उलट सुनावलं की तुझ्या तीन बायका वारल्या तेव्हा तुझ्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. त्या सकाळी मला हा माणूस माझ्या भावकीतलाच वाटला असता. या रोमन हौदांचं अस्तर म्हणजे चुना आणि फुटक्या खापरांचा चुरा. आपल्याकडे यालाच सुरखी म्हणतात. भाजलेल्या विटेची भुकटी चुन्याशी संयोग पावते आणि तो चुना पाण्याखालीही घट्ट होतो.

पुण्यात हे आपल्या पायाखालीच आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं गेलं. जमिनीखालून बांधीव नळ, मधे मधे हवेसाठी उच्छ्वास, आणि निव्वळ उतारावर वाहणारं पाणी पेठांमधल्या हौदांत. या कामांना लागणारा चुना भिजवून मुरवायचा, मग बैलाच्या घाणीत वाळू-सुरखीबरोबर दळायचा. त्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर. घाई करायला वावच नव्हता.

पण इथे मी अडकलो. ताजा चुना सिमेंटपेक्षा काही कमी जहाल नाही. चुन्याच्या निवळीचा पीएच 12 च्या वर असतो, आणि बहुतेक माशांना साडेसहा ते साडेआठ मानवतो. पीएचची एक पायरी म्हणजे दहापट फरक. आठचं पाणी अकरावर गेलं तर ते हजारपट अल्कधर्मी झालं. शिवाय माशांच्या मलमूत्रातला अमोनिया अशा पाण्यात जास्त घातक रूप घेतो. मग पणजोबांच्या हौदात मासे जगतात कसे?

उत्तर साधं होतं, आणि म्हणून जास्त लागलं. चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडीचा दगड होतो. त्यावर शेवाळ धरतं. पणजोबांचा हौद सुरक्षित आहे, कारण तो कित्येक वर्षं मुरलाय. आजीचं 'पहिलं पाणी' म्हणजे हेच रसायनशास्त्र.

सिमेंटनं ही सवय मोडली. 1756 मध्ये इंग्लंडात दीपगृहाच्या कामासाठी जॉन स्मीटननं शोधलं की चिकणमाती मिसळलेल्या चुनखडीचा चुना पाण्यातही घट्ट होतो. 1824 मध्ये जोसेफ अस्पडिन या गवंड्यानं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. काम झटपट व्हायला लागलं, पण सिमेंट घट्ट होतानाही मोकळा चुना तयार होतोच, आणि तो पाण्यात उतरत राहतो. बांधकाम सात दिवसांत उभं राहतं, माशांचं कॅलेंडर वेगळं असतं.

काचेच्या टाक्यांची कथा निराळी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 मध्ये मत्स्यालय उघडलं. त्या जमान्यात लोखंडी चौकटीत काचा बसवायला जवसाचं तेल आणि शिशाचा शेंदूर घातलेलं लुकण वापरायचे. शिसं! पुढे 1960 च्या दशकात सिलिकॉननं काचेला काच चिकटू लागली आणि चौकट गेली.

दुसऱ्या वेळी मी हार्डवेअरच्या दुकानात डब्यांवरची बारीक अक्षरं वाचत उभा होतो. बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन बाद, कारण त्यातलं बुरशीनाशक पाण्यात उतरतं. व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन काचेला उत्तम, पण सिमेंटवर त्यातलं आम्ल अल्कलीशी भांडतं आणि पकड सुटते. नळाच्या सांध्यासाठी मी बिनवासाचं, बुरशीनाशक नसलेलं आणि मत्स्यटाकीला चालेल असं स्पष्ट लिहिलेलं घेतलं. आतून पिण्याच्या टाकीचा सिमेंटी लेप. तरी माणसाला चालतं ते माशाला चालेलच असं नाही. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण कौतुकानं पितो, त्याच तांब्यानं गोगलगायी मरतात. म्हणून हौसेनं आणलेलं तांब्याचं गोमुख परत केलं.

मग पाणी भरलं, आठवड्यानं उपसलं, घासलं, पुन्हा भरलं. असं चारदा. दर वेळी पीएचची पट्टी. चौथ्या पाण्यात ती आठच्या आसपास थांबली. तरी आधी दोनच मासे सोडले आणि रात्री टॉर्च घेऊन तीनदा बघून आलो.

जुन्या हौदाचा एक कोपरा अजूनही पाझरतो. उरलेली सिलिकॉनची नळी घेऊन मी तिकडे निघालो, तर आजी म्हणाली, "तिथे अळू लावलंय मी. राहू दे."