ओल्या सरपणाचा धूर

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हातात पेचकस घेतला की घरातून ठरलेलं वाक्य येतं : ‘आता या वयात कशाला?’ मिक्सरची पिन सैल झालेली असो, इस्त्रीची वायर तुटलेली असो किंवा खुर्चीचा पाय डगडगत असो, वाक्य तेच. ते काळजीपोटी येतं, हे मी जाणतो. म्हणूनच त्याला रागाने किंवा हट्टाने उत्तर देऊ नये. शास्त्रार्थात प्रतिपक्षाला द्यायचा मान त्याला द्यावा आणि आधी त्याचं म्हणणं पूर्ण मांडावं.

पूर्वपक्ष असा : वय झालं की नजर मंदावते, हात कापतो, तोल जातो. विजेच्या कामात चुकीला माफी नाही. म्हणून वृद्धांनी घरातल्या वायरिंगला, दुरुस्तीला, हत्यारांना हात लावू नये. जोडीला दोन पुरवण्या असतात : पैसे टाकले की माणूस येतो, आणि कायद्यानेही हे काम परवानाधारकाचंच आहे.

मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं. वायरी मला वडिलांनी शिकवल्या. त्यामुळे हे अनुमान ऐकलं की मला अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्राच्या ग्रंथातलं एक प्रसिद्ध उदाहरण आठवतं. डोंगरावर अग्नी आहे, म्हणून तिथे धूर असणारच, असं कुणी म्हणालं तर नैयायिक त्याला अडवतात. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. धूर निघायला अग्नीला ओलं सरपण मिळावं लागतं. ज्या अटीवर सगळा कार्यकारणभाव टेकलेला असतो आणि बोलणारा नेमकी तीच बोलायची विसरतो, तिला न्यायशास्त्र ‘उपाधी’ म्हणतं. ‘वय झालं, म्हणून अपघात होणार’ हे अनुमान याच जातीचं आहे. त्यातलं ओलं सरपण कोणतं, ते शोधायला हवं.

आपल्या घरात येणारा दाब २३० व्होल्टचा. शरीरातून साधारण दहा मिलिअँपिअर प्रवाह गेला की पंजाचे स्नायू आवळतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. त्याच्या काही पटीत गेला की हृदयाचा ठोका बिघडू शकतो. वीज वाटेत कुठे गळली की पुरवठा तोडणारा घरगुती आरसीसीबी तीस मिलिअँपिअरच्या गळतीला तुटतो, तो या हिशेबाने. ही मात्रा किती लहान आहे पाहा : पंधरा वॅटचा जुना झिरोचा बल्ब पासष्ट मिलिअँपिअर ओढतो. माणूस मारायला त्या बल्बाइतकीही वीज लागत नाही, मग माणूस पंचविशीचा असो की पंचाहत्तरीचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार देशात दर वर्षी दहा हजारांहून जास्त माणसं विजेच्या धक्क्याने दगावतात. पंपाच्या उघड्या पेटीपाशी, ओल्या भिंतीपाशी, लोंबत्या तारेखाली. यांतले कित्येक ऐन कर्तेपणातले असतात. त्यांच्या मृत्यूला वय कारण झालं नाही. चालू तार, अर्थिंगचा अभाव आणि संरक्षक उपकरण नसणं, हे ते ओलं सरपण.

इथे एक गल्लत घरोघरी आढळते, तीही सांगून टाकतो. ‘आमच्याकडे एमसीबी आहेत’ असं लोक निश्चिंतपणे सांगतात. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवण्यासाठी तो केलेलाच नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो, आणि त्यालाही मर्यादा आहे : एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला, तर गळती होतच नाही आणि तो गप्प राहतो.

आता नजरेचा मुद्दा. तो खरा आहे आणि लोक समजतात त्याहून गंभीर आहे. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत जेमतेम तिसरा हिस्सा प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट होतं. पिवळ्या भिंगातून गडद निळा आणि काळा हे रंग वेगळे ओळखणं अवघड जातं. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या थ्री-फेज वायरिंगमध्ये लाल, पिवळी आणि निळी या तिन्ही फेज, तर काळी न्यूट्रल. उलट मिक्सर-इस्त्रीच्या दोरीत तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. म्हणजे निळा रंग एका ठिकाणी मारणारा, दुसऱ्या ठिकाणी परतीचा. अंधाऱ्या बोर्डात वृद्ध डोळ्यांनी रंगावर विसंबून हात घालणं हे खरोखर धोक्याचं आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘हात लावू नका’ हा नाही. टेबलावर दुप्पट उजेडाचा दिवा घ्या आणि रंगावर कधीच भरवसा ठेवू नका, हा आहे. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून बघायचा, मग ज्या ठिकाणी काम करायचं तिथे, आणि मग पुन्हा चालू सॉकेटमध्ये. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला नाही ना, याची ही खात्री. धडधाकट नजरेचे कारागीरसुद्धा हे टाळतात आणि धक्के खातात.

एका बाबतीत मात्र पूर्वपक्ष मला पूर्ण मान्य आहे : स्टूल आणि शिडी. पंखा हळू फिरायला लागला की बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. अडीच मायक्रोफॅरडचा तो लहानसा डबा बदलणं हे पाच मिनिटांचं काम. पण ते छताखाली, मान वर करून करायचं असतं, आणि या वयात मान वर केली की भोवळ येऊ शकते. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला साधा मारही जिवावर बेततो. पासष्टीनंतर मी पंख्याला हात लावला नाही. आणखी दोन पथ्यं : छातीत पेसमेकर असेल त्याने वेल्डिंगच्या जवळ जाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि मायक्रोवेव्ह तर कुणीच, कोणत्याही वयात, घरी उघडू नये. पिन काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये हजारो व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.

‘पैसे टाकले की माणूस येतो’, या पुरवणीबद्दल घडलेलं सांगतो. आमच्या पॅसेजमध्ये भिंतीवर, हाताच्या उंचीवर एक दिवा आहे. दोन वर्षांपूर्वी एका कारागिराने त्याचा बोर्ड बदलून दिला. त्यानंतर रात्री बटण बंद केलं तरी तो एलईडी बल्ब मंद मिणमिणत राहायचा. कारागीर म्हणाला, ‘काका, एलईडीला असं होतंच.’ कधी कधी शेजारून जाणाऱ्या वायरीमुळे तसं होतंही. पण माझ्या मनाला पटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण बंद ठेवून बल्ब काढला आणि होल्डरच्या एका पिनेला टेस्टर टेकवला. टेस्टर लख्ख पेटला. फेज सरळ होल्डरपर्यंत आणली होती आणि बटण न्यूट्रलवर बसवलं होतं. म्हणजे दिवा विझत होता, पण होल्डर चोवीस तास जिवंत होता. सून किंवा नात ‘बटण बंद आहे ना’ म्हणून बल्ब बदलायला गेली असती, तर काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको. मी मेन बंद केला, परवाना असलेल्या वायरमनला बोलावलं आणि त्याच्या शेजारी उभं राहून तो बोर्ड नीट करून घेतला.

हा दोष पैशांनी आलेल्या माणसाने केला आणि हात लावू नका असं ज्याला सांगितलं जातं, त्याने शोधला. कारागिरांची निंदा मला करायची नाही; बहुतेक जण प्रामाणिक आणि हुशार असतात. पण ते तासाभरासाठी येतात आणि निघून जातात. भिंतीतला पाइप कुठून वळला, कोणता सॉकेट सहा अँपिअरचा असताना त्यावर गीझर लावला जातो, हे त्या घरात चाळीस वर्षं राहिलेल्या माणसाला ठाऊक असतं. दोन हजार वॅटचा गीझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. जुन्या इमारती बांधल्या तेव्हा एका खोलीत एक पंखा आणि एक ट्यूबलाइट एवढाच हिशेब होता. या ज्ञानाला घरातून निवृत्त करणं म्हणजे घराचाच धोका वाढवणं.

कायद्याची पुरवणी थोडक्यात. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम, नंतर २०१० चे आणि आता त्यांच्या जागी आलेले २०२३ चे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडे सोपवतात. मात्र दिवे, पंखे, फ्यूज, बटणं आणि अडीचशे व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं बदलणं, मूळ जोडणीची क्षमता आणि स्वरूप न बदलता, यातून वगळलेलं आहे. नवा पॉइंट काढणं आपलं काम नाही; तुटलेलं बटण बदलणं आहे. ही रेघ काटेकोर पाळावी. तिच्यात वयाचा उल्लेख कुठेही नाही.

माझ्या समवयस्कांनाही एक सांगणं आहे. ‘पन्नास वर्षं चालू लाइनवर काम केलं, काही झालं नाही’ असं त्यांच्यातले काही अभिमानाने सांगतात. तेही तितकंच सदोष अनुमान आहे. दर वेळी सरपण कोरडं निघालं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मग उरतं ते टेबलावरचं काम, आणि ते भरपूर आहे. परवा शेजारच्या वहिनींनी इस्त्री आणून दिली. जुना पिनटॉप उघडला तर आत तिन्ही तारा सारख्याच लांबीच्या कापलेल्या, अर्थची हिरवी-पिवळी तार सुटून आलेली. मी नवी दोरी घेतली, तपकिरी आणि निळी तार बेताची कापली आणि हिरवी-पिवळी बोटभर लांब ठेवली. कारण दोरीला हिसका बसला तर आधी तपकिरी सुटावी, अर्थ सगळ्यात शेवटी. पिनेचं मधलं, जाड, लांब टोकही याच विचाराने घडवलेलं असतं : सॉकेटमध्ये शिरताना अर्थ पहिला लागतो, निघताना शेवटी सुटतो. पट्टीखाली दोरी आवळली, मल्टिमीटरने अर्थच्या पिनेपासून इस्त्रीच्या पत्र्यापर्यंत जोड सलग आहे का ते तपासलं, तेव्हा ‘पीं’ आवाज आला. अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात हात कापला नाही, कारण कोपरं टेबलावर टेकलेली होती.

असं टेबल सामायिकही असू शकतं. ऑस्ट्रेलियात टाँगाला नावाच्या गावी १९९८ साली म्हाताऱ्या पुरुषांसाठी एक सामायिक कार्यशाळा उघडली. आज त्या देशात अशा शेकडो आहेत. ॲमस्टरडॅममध्ये मार्टीन पोस्टमा या पत्रकार बाईंनी २००९ साली दुरुस्तीचा पहिला कट्टा भरवला. लोक मोडकी वस्तू घेऊन येतात आणि जाणत्याच्या शेजारी बसून ती नीट करतात. आपल्याकडे गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रं आहेत. तिथे कॅरम आहे, भजन आहे, वर्तमानपत्रं आहेत. एक भक्कम टेबल, एक प्रखर दिवा, दोन मल्टिमीटर आणि आरसीसीबीमागून घेतलेला एक बोर्ड, एवढ्या सामानात तिथे आठवड्यातून एक सकाळ दुरुस्तीची भरवता येईल. पुण्यात तापकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं. संघांच्या कार्यकारिणींनी हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा, ही माझी विनंती.

आणि मुलामुलींना : वडिलांच्या हातातली पक्कड काढून घेण्याआधी घरातला डिस्ट्रिब्युशन बोर्ड उघडून पाहा. त्यात ‘टेस्ट’ असं लिहिलेलं बटण असलेला आरसीसीबी आहे का? असेल तर ते बटण दाबा; तो लगेच पडला पाहिजे. नसेल, तर याच महिन्यात परवानाधारक माणसाकडून बसवून घ्या.