जोखीम कोणाच्या शिरावर? वऱ्हाडातील मालवाहतूक, विमा आणि बंदुकीचा प्रवास

अमरावतीभोवतालचा दगडी परकोट निजाम सरकारने १८०७ साली बांधावयास घेतला, तो कोणा राजाच्या सिंहासनासाठी नव्हे, तर पेंढाऱ्यांच्या धाडींपासून तेथील सावकारांच्या पेढ्या आणि व्यापाऱ्यांच्या वखारी निर्वेध राहाव्यात एवढ्याच हेतूने. सुमारे सव्वादोन मैलांचा घेर, वीस ते सव्वीस फुटांची उंची, पाच दरवाजे आणि चार खिडक्या असा त्याचा विस्तार गॅझेटियरात नोंदलेला आहे. त्या चार खिडक्यांपैकी एकीला खुनारी हे नाव पडले, कारण १८१८ च्या सुमारास तिच्यापाशी झालेल्या दंगलीत सातशे माणसे कापली गेली असे सांगतात. म्हणजे तटाच्या आश्रयालाही शांततेची हमी नव्हतीच. परंतु वऱ्हाडच्या व्यापाऱ्याची खरी चिंता तटाच्या आत नव्हती. कापूस वखारीत पडून राहिला तर त्याचा पैसा होत नाही. तो मिर्झापुरास किंवा मुंबईस पोचावा लागतो, आणि दरवाजाबाहेर पडलेल्या गाठोड्याचे रक्षण कोणत्याही परकोटाला करता येत नाही.

या अडचणीवर त्या काळाने जी व्यवस्था शोधून काढली होती ती आजच्या वाचकाला चकित करील अशी आहे. हुंडेकरी नावाचा एक मध्यस्थ ठराविक रकमेत माल एका पेठेतून दुसऱ्या पेठेत पोचविण्याचा मक्ता घेई. वाटेवरच्या नाक्यानाक्यावरची जकात आणि राहदारी, बैलांचे भाडे, पहाऱ्याचा खर्च हे सारे त्या रकमेतच येई, आणि माल पोचेपर्यंतची दगदग त्याच्या गळ्यात असे. त्याखेरीज जोखमी हुंडी म्हणून एक प्रकार प्रचारात होता, ज्यात माल मुक्कामी सुखरूप दाखल झाला तरच हुंडीचे पैसे देणे लागू होई. म्हणजे हुंडीच्या कागदातच विमा गुंफलेला असे. माळव्यात तर विमा उतरविणे हा सावकारीचा एक स्वतंत्र धंदाच होऊन बसला होता, आणि पेंढारी मोडून काढल्यावर त्याचे दर उतरले, असे सर जॉन माल्कमने १८२३ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. रस्त्यावरील भीतीचे मोजमाप त्या काळी शेकडा दराच्या रूपाने बाजारात रोज उघडपणे होत असे.

पैशाची ने-आण करण्याची रीत मात्र याच्या अगदी उलट होती. रोकड नेणारे कासीद दरिद्री वाटसरूंचा वेष घेऊन, सोबत पहारा न ठेवता, केवळ गुप्ततेच्या भरवशावर शेकडो कोस चालत. आणि ठगांनी नेमके हेच हेरले होते. अमरावतीचा धनाढ्य सावकार धनराज शेठ याचा खजिना १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ठगांनी लुटला आणि तो नेणाऱ्यांना गळफास लावून मारले, ही हकिकत ठगीचा बंदोबस्त करणाऱ्या कर्नल स्लीमनच्या कागदपत्रांत विस्ताराने आली आहे. पुढचा प्रकार अधिकच बोलका आहे. शेठच्या गुमास्त्याने सरकारच्या चौकशीची वाट न पाहता ठगांच्या टोळ्यांशी परभारे संधान बांधले आणि लुटीचा काही भाग मिळतीवर परत आणविण्याचा उद्योग आरंभला. स्लीमनला हे मुळीच रुचले नाही. परंतु ज्याची रोकड गेली त्याला अपराध्याच्या शिक्षेपेक्षा रकमेच्या परतीची निकड अधिक असते, आणि ती भागविणारी संस्था जवळ नसेल तर तो असल्या वाटा धुंडाळणारच, हे मान्य करावयास हरकत नसावी.

१८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादून कापूस उत्तरेकडे रवाना केला, ही गॅझेटियरातील नोंद कितीही अतिशयोक्त मानली तरी त्या व्यापाराच्या आवाक्याची कल्पना देते. पाचशे मैलांची ती वाट आणि तीवरील धूळ, पाऊस व चोर यांचा निकाल लोहमार्गाने एका पिढीत लावला. १८६७ मध्ये भुसावळहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रूळ नागपुरास जाऊन भिडला, बडनेऱ्यापासून अमरावतीपर्यंत फाटा निघाला, आणि खामगावचा फाटा १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला. हुंडेकऱ्याचा धंदा बसला. त्याच्याबरोबर वाहकाने जोखीम आपल्या शिरावर घ्यावी हा जुना करारही ओसरला, आणि याची नोंद मात्र फारशी कोणी घेतली नाही.

हे कसे घडले ते पाहण्यासारखे आहे. १८६५ च्या वाहक अधिनियमाने असे ठरविले की सोने, जवाहीर, घड्याळे अशा विशिष्ट मौल्यवान जिनसा शंभर रुपयांहून अधिक मोलाच्या असतील आणि त्यांचे मूल्य व वर्णन माल सोपविताना सांगितले गेले नसेल, तर त्या गहाळ झाल्याबद्दल वाहक बांधलेला नाही; आणि १८९० च्या रेल्वे अधिनियमाने तेच तत्त्व गाडीच्या डब्याला लावले. न्याय वरवर निर्दोष दिसतो, कारण जे सांगितले नाही त्याची हमी कोणी द्यावी? पण त्याच्याच जोडीला रेल्वेने रिस्क नोट नावाचे कागद छापून ठेवले होते, ज्यांवर सही केल्यास माल मालकाच्या जोखमीवर सवलतीच्या भाड्यात जाई, आणि वखारीतल्या कारकुनाने घाईत केलेली ती सही पुढे वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्यांतून व्यापाऱ्यांच्या कपाळी बसे. १९६१ च्या दुरुस्तीनंतर, १९६२ पासून, रेल्वेवर सामान्य वाहकाची जबाबदारी घालण्यात आली. तोपर्यंत जवळजवळ शतकभर वऱ्हाडच्या कापसाने स्वतःचा धोका स्वतःच वाहिला, असे म्हणता येईल.

आता बंदुकीकडे वळू, कारण या साऱ्या इतिहासात ती एकच वस्तू अशी आहे की जिच्याकडे पाहताना सरकार आणि वाहक यांचे डोळे दोन भिन्न दिशांना असतात. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ चा शस्त्र अधिनियम आला आणि हिंदी माणसाच्या हातातली बंदूक परवान्याच्या दोरीने बांधली गेली, युरोपियनांना मात्र नियमांनी सूट राहिली. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला तो याच अपमानाच्या जाणिवेतून. वऱ्हाडची कायदेशीर स्थिती तर अधिकच विचित्र होती, कारण १८५३ च्या तहाने तारण दिलेला आणि १९०२ च्या कराराने कायमच्या पट्ट्याने दिलेला हा प्रदेश नावाला निजामाचाच असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप नव्हे, तर जाहीरनाम्याने लागू केले जात. परवान्यावर बंदुकीचा प्रकार आणि क्रमांक असे. तिची किंमत मात्र सरकारने कधी विचारली नाही, कारण सरकारला तिचे मोल नको होते, तिचा ठावठिकाणा हवा होता.

मेळघाटात शिकारीला येणारे पाहुणे बडनेऱ्याला किंवा अमरावतीला गाडीतून उतरत तेव्हा त्यांच्या सामानात एक लांबट चामडी पेटी हमखास असे, आणि ती पेटी भरण्याची एक ठराविक पद्धत होती. दुनळी बारा बोरची बंदूक अखंड ठेवीत नसत. पुढचा लाकडी तुकडा काढावयाचा, नळ्या दस्त्यापासून सोडवावयाच्या, नळीतून तेलाचा बोळा ओढावयाचा, आणि दोन्ही भाग फलाटीनच्या अस्तरातल्या वेगवेगळ्या खाचांत असे बसवावयाचे की पेटी उलटी केली तरी लोखंड लाकडाला लागता कामा नये. काडतुसे निराळ्या डब्यात असत. चाप आणि घोडा यांना धक्का बसला तर बंदूक निकामी होते, आणि दस्ता चिरला तर मूळचा तोल पुन्हा सहसा साधत नाही. म्हणूनच जाणकार शिकारी ती पेटी ब्रेकव्हॅनमध्ये देण्यापेक्षा आपल्या बाकाखाली ठेवणे पसंत करीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि पाठोपाठ आलेल्या व्याघ्र प्रकल्पाने मेळघाटातील शिकार थांबली, आणि त्या पेट्या माळ्यावर गेल्या.

वऱ्हाडातील बहुसंख्य बंदुका मात्र शिकारीच्या नव्हत्याच. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद ठेवली ती रानडुकरे आणि रोही ज्यांच्या शेतात रात्री शिरतात अशा माणसांसाठी, आणि या बंदुकीचा प्रवास म्हणजे घरातून माळ्यावर, माळ्यावरून शेतात आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, एवढाच. तेथे आचारसंहिता संपेपर्यंत ती गंजत पडते तेव्हा त्या गंजाची जोखीम कोणाची, हा प्रश्न मला कायदेपंडितांनी हाताळण्यासारखा वाटतो. पण तूर्त तो बाजूला ठेवतो.

वाहकाच्या जोखमीच्या मूळ प्रश्नाला अखेरचे वळण दिले ते विमानाने. १९२९ च्या वॉर्सा कराराने, आणि तो हिंदुस्थानात आणणाऱ्या १९३४ च्या अधिनियमाने, विमानकंपनीची जबाबदारी नोंदविलेल्या सामानाच्या वजनावर बसविली: किलोमागे अडीचशे सुवर्ण फ्रँक. रेशीम असो, पितळ असो वा बंदूक असो, तराजू एकच. १९९९ च्या माँट्रियल कराराने वजनाऐवजी प्रवाशामागे मर्यादा घातली आणि भारताने तो करार २००९ मध्ये स्वीकारला. देशांतर्गत प्रवासात ही मर्यादा वीस हजार रुपयांची आहे. सामान सोपविताना त्यातील खास मोल जाहीर करून जादा आकार भरला तर ही मर्यादा ओलांडता येते, ही सोय दोन्ही करारांत आहे. १८६५ च्या कायद्याचेच तत्त्व ते, फक्त आकाशात गेलेले.

इकडे सरकारची नजर याच काळात निराळ्या कारणाने तीक्ष्ण होत गेली. ३० जानेवारी १९७१ रोजी ‘गंगा’ नावाचे फोकर विमान खेळण्यातले पिस्तूल आणि बनावट हातबॉम्ब दाखवून लाहोरला पळविण्यात आले, आणि १९८५ च्या जूनमध्ये ‘कनिष्क’ अटलांटिकवर फुटले; त्यानंतर विमान सुरक्षेचे स्वतंत्र खाते उभे राहिले आणि तपासणीचे नियम आवळले गेले. आज बंदूक प्रवाशाच्या कक्षात नेता येत नाही. ती नोंदविलेल्या सामानात, रिकामी करून, कुलूपबंद टणक पेटीत, परवाना दाखवून आणि आधी कळवूनच जाते. काडतुसे आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे माणशी पाच किलोंपर्यंत, पक्की बांधून आणि कंपनीच्या संमतीने, आणि बऱ्याच कंपन्या त्याहूनही कमी नेऊ देतात. म्हणजे राज्य शस्त्राचा क्रमांक विचारते, कंपनी पेटीचे वजन विचारते, आणि किंमत सांगण्याचे काम मालकावरच उरते.

अकोल्याच्या शिवणीला १९४३ पासून धावपट्टी आहे, पण नियमित विमानसेवा तेथून चालत नाही. अमरावतीच्या बेलोऱ्याहून मात्र १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचे विमान उडाले. तोवर परवानाधारक सैनिक, रखवालदार वा नेमबाज यांना विमानासाठी नागपूर गाठावे लागे. आता बेलोऱ्याहून निघणाऱ्या अशा प्रवाशाने ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की त्याच्याजवळची बंदूक पुष्कळदा आजोबांच्या काळातली विलायती असते, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदुकांची आयात जवळजवळ बंद असल्याने तिची जागा भरून काढणारी वस्तू बाजारात मिळणे दुर्घट आहे. वीस हजारांत तिचा दस्ताही येणार नाही.

तेव्हा विमा वेगळा उतरवावा, हे उघड आहे. पण तो कशा शब्दांत उतरविला आहे हे अधिक पाहावे. घरगुती सामानाच्या ढोबळ विम्यात बंदूक गृहीत धरू नये; तिचे नाव, क्रमांक आणि मूल्यांककाने ठरविलेली किंमत स्वतंत्र कलमात लिहवून घ्यावी, आणि घराबाहेरचा व विमानातला प्रवास त्यात येतो की नाही हे लेखी विचारावे. सरकारी जप्ती, गंज आणि झीज यांची भरपाई असल्या विम्यांत सहसा मिळत नाही, आणि परवान्याची मुदत संपलेली असेल तर दावा उभाच राहत नाही. पेटीच्या बाहेर बनावटीचे नाव किंवा बंदुकीचे चित्र नको. धनराज शेठच्या कासीदांना गुप्ततेने वाचविले नाही हे खरे, पण त्यांचा दोष गुप्तता हा नसून तिच्याशिवाय दुसरा आधार नसणे हा होता.

पट्ट्यावर पेटी आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी कंपनीकडे लेखी नोंद करून पोच घ्यावी, आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात क्रमांकासह फिर्याद द्यावी, कारण हरवलेल्या शस्त्राचा जाब प्रथम परवानाधारकालाच द्यावा लागतो. पेटी आली पण आत मोडतोड असेल, तर सामान हाती पडल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी तक्रार झाली पाहिजे. उशिरा आलेल्या सामानासाठी ही मुदत एकवीस दिवसांची आहे, आणि ती चुकली की कंपनीवरचा दावा संपतो.