'जोली ब्लोंड' : एक सुरावट, तीन नावे

१/ अमेरिकेतील लुइझियाना राज्यात एका वॉल्ट्झला 'केजनांचे राष्ट्रगीत' म्हणतात. आज ते 'जोली ब्लोंड' या नावाने सर्वश्रुत आहे. पण त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर हे नाव नव्हतेच. ही त्या नावाची कहाणी.

२/ केजन हे मूळचे अकेडियन. सतराव्या शतकात आजच्या नोव्हा स्कॉशिया परिसरात वसलेले फ्रेंच शेतकरी. १७१३ च्या तहाने ती भूमी ब्रिटिशांकडे गेली. एकनिष्ठेची बिनशर्त शपथ नाकारली म्हणून १७५५ पासून हजारो अकेडियनांना जहाजांत घालून हद्दपार करण्यात आले. १७६० च्या दशकात त्यांतील काही कुटुंबे लुइझियानात स्थिरावली. 'अकादियाँ'चे बोलीत 'कादियाँ' झाले आणि इंग्रजी मुखी 'केजन'.

३/ एप्रिल १९२९, अटलांटा. अमेदे ब्रो अ‍ॅकॉर्डियनवर, भाऊ ओफी फिडलवर, बहीण क्लिओमा गिटारवर. कोलंबिया कंपनीने काढलेल्या या तबकडीवरील नाव होते 'मा ब्लोंड ए पार्ती', म्हणजे 'माझी सखी निघून गेली'.

४/ 'सोनेरी केसांची' का नाही? कारण उत्तर अमेरिकेतील फ्रेंच बोलींत 'ब्लोंड' म्हणजे प्रेयसी. मग तिचे केस काळेभोर का असेनात! शब्दकोशातला पहिला अर्थ इथे फसवतो.

५/ १९३० च्या दशकात हॅकबेरी रॅम्बलर्स या वाद्यवृंदाने तीच चाल 'जोली ब्लोंड' या नावाने मुद्रित केली. १९४६ मध्ये फिडलवादक हॅरी शोट्स यांनी ती ह्यूस्टनमध्ये वाजवली आणि ती देशभर गाजली. त्या तबकडीवर मात्र इंग्रजी कानाला ऐकू आले तसे छापले गेले : 'जोल ब्लॉन'.

६/ ही केवळ मुद्रणदोषाची गंमत नव्हे. १९२१ च्या राज्यघटनेने लुइझियानातील सरकारी शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरवले. फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. अशा काळात आपल्याच गाण्याचे नाव आपल्या लिपीनियमांत लिहिण्याचा अधिकारही त्या समाजाच्या हाती उरला नव्हता. गळा त्यांचा, लेखणी दुसऱ्याची.

७/ म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने एक खूणगाठ बांधावी : १९२९ हे या सुरावटीच्या मुद्रणाचे वर्ष आहे, जन्माचे नव्हे. मौखिक परंपरेत तबकडी फक्त एवढेच सांगते की तोवर ही चाल अस्तित्वात होती. नाव कोणी दिले हे शोधताना, ते कोणी लिहिले हेही विचारावे.