काळारामाचं दार आणि सरकारची तटस्थता

परवा पंचवटीत एका चहाच्या टपरीवर सिंहस्थाच्या कामांवरून गप्पा रंगल्या होत्या. एक काका ठासून म्हणाले, "सरकारने धर्मात पडूच नये. तोच खरा सेक्युलरपणा." पाच मिनिटांनी तेच काका म्हणाले, "घाटांची कामं मात्र सरकारने लवकर उरकायला हवीत." सगळे हसले, मीही हसलो. पण पहिलं वाक्य डोक्यातून जाईना. सरकार खरंच धर्मात पडलं नाही, तर काय होतं?

मित्रांनो, याचं उत्तर आपल्याच गावात आहे.

२ मार्च १९३०. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुमारे पंधरा हजार लोकांची मिरवणूक काळाराम मंदिरावर आली. दरवाजे बंद. मिरवणूक गोदाकाठी गेली, तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष होते आणि २५ स्त्रिया. दांडीयात्रा निघायला अजून नऊ दिवस होते, हे लक्षात घ्या.

९ एप्रिलला रामाची रथयात्रा. दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढायचा अशी तडजोड झाली होती. ती मोडली, दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. दादासाहेब गायकवाडांनी पुढे वर्षानुवर्षं लढा लावून धरला. दार काही उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही.

आता सरकारचं बघा. १८५७ च्या उठावानंतर राणीने जाहीरनामा काढला होता की प्रजेच्या धर्मात आम्ही ढवळाढवळ करणार नाही. ऐकायला किती छान! पण काळारामाच्या दारात या तटस्थतेचा अर्थ काय झाला? दार आतून बंद, बाहेर पोलीस. म्हणजे मध्ये न पडणारं सरकार प्रत्यक्षात आतल्यांच्या बाजूनेच उभं राहिलं.

हा अनुभव आपल्या घटनेत उतरलेला दिसतो. मुंबई प्रांतात १९४७ साली मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली. २५ वं कलम धर्मस्वातंत्र्य देतं आणि त्याच कलमात सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरं सगळ्या हिंदूंना खुली करण्याची मुभा सरकारला देतं. एका हाताने स्वातंत्र्य, दुसऱ्या हाताने दाराची किल्ली. 'सेक्युलर' हा शब्द उद्देशिकेत १९७६ ला आला, पण ही गाठ आधीच मारलेली होती.

इथवर सोपं आहे. पुढचं अवघड.

१९४९ साली मुंबई सरकारने वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, चार विरुद्ध एक. म्हणणं असं की धार्मिक कारणाने बहिष्कृत करणं हा पंथाचा आपला कारभार सांभाळण्याच्या हक्काचा भाग आहे. विरोधात मत होतं खुद्द सरन्यायाधीश सिन्हांचं. २०२३ मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला गेला. म्हणजे मंदिराच्या दाराबाहेर ठेवलेल्या माणसासाठी कायदा आला, पण समाजाच्या दाराबाहेर काढलेल्याला मात्र पंथाच्या स्वातंत्र्याचं कारण सांगितलं गेलं. मध्यंतरी जातपंचायतींचा जाच बघून महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, हेही खरं.

माझं साधं मत सांगतो. पूजा कशी करायची, कुठला मंत्र म्हणायचा, नमाज कशी पढायची, यात सरकारने नाक खुपसू नये. पण माणसाला त्याच्या जन्मावरून किंवा प्रश्न विचारला म्हणून बाहेर काढत असतील, तर सरकारने मध्ये पडलंच पाहिजे. आणि हा नियम सगळ्यांना एकच हवा. आपल्या देवळाच्या वेळी 'परंपरा' आणि दुसऱ्याच्या वेळी 'सुधारणा', हे चालणार नाही. उलटं केलं तरी चालणार नाही.

टपरीवरच्या काकांना मी त्या दिवशी काही बोललो नाही. पुढच्या वेळी एवढंच विचारणार आहे: काका, १९३० साली तुम्ही दाराच्या कुठल्या बाजूला असता?

तुम्हीही विचार करून सांगा. शिव्या नकोत, मुद्दे लिहा.