रंगावरचे पांघरूण

नवी मोटार घ्यायला गेले, की विक्रेता किमतीच्या कागदाबरोबर आणखी एक यादी पुढे करतो. विमा, मॅट, सीटची कव्हरे आणि अलीकडे त्यात भर पडली आहे ती रंगाचे रक्षण करणाऱ्या पारदर्शक फिल्मची. ही फिल्म गाडीवर चिकटवली, की खडे, ओरखडे आणि पक्ष्यांची विष्ठा यांपासून रंग सुरक्षित राहतो असे सांगितले जाते. साऱ्या गाडीला ती लावायची तर खर्च लाख रुपयांच्या घरात जाऊ शकतो. पगारातून हप्ते फेडणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही.

मग फिल्म लावावी की नाही? सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर यावर नाही. मात्र मोटारीच्या रंगाचा इतिहास पाहिला, तर उत्तर कसे शोधायचे हे कळते. म्हणून आपण शंभरएक वर्षे मागे जाऊ.

बग्गीचे वार्निश

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी घोड्याच्या बग्गीसारख्याच रंगवल्या जात. जवसाच्या तेलात खललेला रंग ब्रशाने लावायचा, तो वाळू द्यायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि त्यावर पुढचा हात द्यायचा. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि मग ते घट्ट होते. ही क्रिया सावकाश चालते. त्यामुळे एक गाडी रंगवायला काही आठवडे लागत. शेवटी सर्वांवर पारदर्शक वार्निशचा हात दिला जाई. ऊन-पाऊस ते वार्निश सोसायचे. ते पिवळे पडले किंवा त्याला भेगा गेल्या, की खरवडून नवे लावायचे. म्हणजे रंगावर एक पारदर्शक थर चढवायचा, झीज त्याने सोसायची आणि तो थर वेळोवेळी बदलायचा, ही कल्पना मोटारीपेक्षाही जुनी आहे.

फोर्ड कंपनीने १९१३मध्ये सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडायला सुरुवात केली, तेव्हा आठवडे घेणारा हा रंग परवडणारा नव्हता. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची मॉडेल टी ही गाडी फक्त काळ्या रंगात मिळत असे. डांबराच्या जातीचे पदार्थ घातलेले हे काळे रंग भट्टीत भाजून पक्के केले जात. ते स्वस्त होते आणि टिकाऊही होते.

स्फोटकांच्या कारखान्यातून

पुढची पायरी आली ती एका अनपेक्षित ठिकाणाहून. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथील रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी १८४६मध्ये कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज हे स्फोटक तयार केले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीने ते प्रचंड प्रमाणात बनवले. युद्ध संपल्यावर या ज्ञानाचा आणि यंत्रसामग्रीचा दुसरा उपयोग शोधणे भाग होते.

नायट्रोसेल्युलोज विरघळवून त्याचा रंग करता येतो, पण ते द्रावण फार दाट होते. फवारता येईल इतके पातळ केले, तर वाळल्यावर मागे अगदीच विरळ थर उरायचा. १९२०मध्ये या कंपनीच्या न्यू जर्सीतील पार्लिन येथील कारखान्यात, छायाचित्रांच्या फिल्मसंबंधी काम चालू असताना, भरपूर नायट्रोसेल्युलोज असूनही पातळ राहणारे द्रावण हाती लागले. त्यातून निघालेला रंग १९२३मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलँड गाडीवर निळ्या छटेत झळकला. त्याचे नाव ‘ड्युको’. यातला द्रावक नुसता उडून जातो. त्यामुळे जो रंग वाळायला आठवडे लागत, तो काही तासांत वाळू लागला.

ड्युको हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडे गॅरेजात आणि फर्निचरच्या कामात फवाऱ्याने मारलेल्या रंगाला आजही ‘ड्युको’ म्हणतात. नायट्रोसेल्युलोजचे दिवस मोटारींपुरते केव्हाच सरले, पण नाव मागे उरले. त्याच्यानंतर १९३०च्या दशकात अल्किड आणि १९५०च्या दशकात ॲक्रिलिक रंग आले.

प्रत्येक थराचा शत्रू वेगळा

आजच्या गाडीचा रंग हा एक थर नसून थरांची उतरंड आहे. पत्र्यावर पुष्कळदा जस्ताचा मुलामा असतो. पोर्शे कंपनीने १९७०च्या दशकाच्या मध्यात असा पत्रा मोटारीच्या सांगाड्यासाठी वापरायला घेतला आणि पुढे इतरांनीही तो वापरला. लोखंडाऐवजी जस्त आधी झिजते, म्हणून लोखंड वाचते. त्यावर फॉस्फेटचा संस्कार होतो. मग सारा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून त्यातून विद्युतप्रवाह सोडतात. रंगाचे विद्युतभारित कण पत्र्याकडे ओढले जातात आणि ब्रश पोहोचणार नाही अशा सांदीकोपऱ्यांतही सुमारे २० मायक्रॉनचा थर बसतो. ही पद्धत १९६०च्या दशकात आली, आणि १९७०च्या दशकात तिची सुधारलेली आवृत्ती रुळली. हे सारे गंजाविरुद्ध. त्यावरचा प्रायमर खड्यांचा मार झेलण्यासाठी. त्यावर प्रत्यक्ष रंगाचा थर, तोही जेमतेम १५-२० मायक्रॉनचा. आणि सर्वांत वर ४०-५० मायक्रॉनचा पारदर्शक थर.

हा पारदर्शक थर १९८०च्या दशकात सर्वत्र पसरला. चमचमत्या रंगात ॲल्युमिनियमच्या चकत्या असतात, त्यांना झाकण्यासाठी तो हवाच होता. पण या नव्या वार्निशलाही नवा शत्रू भेटला. आम्लयुक्त पाऊस आणि दव यांमुळे त्यातले काही रासायनिक बंध तुटू लागले आणि उन्हात तापलेल्या गाड्यांवर थेंबांचे कायमचे डाग पडू लागले. अमेरिकेत फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल हे गाव अशा डागांच्या चाचणीसाठी प्रसिद्ध झाले. रसायनशास्त्रज्ञांना आम्लाला दाद न देणारे बंध शोधावे लागले.

सगळ्या थरांची जाडी मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, म्हणजे वहीच्या दीड-दोन पानांएवढी. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारखान्यात टाकीतला पहिला थर सुमारे १६० ते १८० अंश सेल्सिअसला आणि वरचा पारदर्शक थर १४० अंशांच्या आसपास भाजून पक्का करतात. गाडी पूर्ण जोडल्यावर हे करता येत नाही. तिच्यातले प्लॅस्टिक, रबर, वायरी आणि गाद्या तेवढी उष्णता सोसणार नाहीत. म्हणून दुरुस्तीत दोन घटक मिसळून घट्ट होणारे वेगळे रंग वापरतात. चांगला कारागीर तेही सुरेख करतो, पण मूळ भाजणी परत मिळत नाही.

हेलिकॉप्टरचे पाते

आता फिल्मकडे वळू. तिचा पदार्थ आहे पॉलियुरेथेन. जर्मनीत लेव्हरकुझेन येथे ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७मध्ये त्याचे रसायनशास्त्र शोधले. १९५०च्या दशकात बी. एफ. गुडरिच कंपनीतील चार्ल्स शोलेनबर्गर यांनी त्याचा रबरासारखा लवचीक, तरीही उष्णतेने वितळवून हवा तसा घडवता येणारा प्रकार विकसित केला. याच्या लांब रेणूत मऊ आणि कठीण असे तुकडे आलटून-पालटून असतात. मऊ तुकडे ताणले जातात, तर कठीण तुकडे एकमेकांना बिलगून राहतात आणि ताण सुटताच साऱ्याला जागेवर आणतात.

व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टर कच्च्या जमिनीवर उतरत, तेव्हा वाळूचे लोट उठत. पात्याचे टोक सेकंदाला २०० मीटरहून अधिक वेगाने फिरते. त्या वेगाने वाळू आदळून पात्याची पुढची कड झिजत असे. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीची पॉलियुरेथेनची चिकटपट्टी त्या कडेवर लावण्यात आली. पुढे ही पट्टी शर्यतीच्या मोटारींवर आणि त्यानंतर घरगुती मोटारींवर आली.

कठीण धातू झिजतो आणि मऊ पट्टी टिकते, हे चमत्कारिक वाटेल. पण १८७०मध्ये बेंजामिन टिलमन यांनी वाळूच्या फवाऱ्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून काचेवर नक्षी काढणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक आहे. जिथली काच कोरायची नाही, तिथे ते रबरासारखे मऊ आवरण लावतात. काच खरवडली जाते, आवरण मात्र वाळूचा कण उडवून लावते. झेल घेताना हात मागे नेला, की चेंडू थांबायला अधिक वेळ मिळतो आणि बल कमी होते. इथेही तेच घडते.

सुरुवातीच्या फिल्म उन्हाने पिवळ्या पडत, अगदी बग्गीच्या वार्निशसारख्या. बेन्झिनची कडी असलेल्या आयसोसायनेटपासून बनलेले पॉलियुरेथेन अतिनील किरणांनी पिवळे होते. म्हणून चांगल्या फिल्ममध्ये ही कडी नसलेले आयसोसायनेट वापरतात. अलीकडच्या फिल्मवर आणखी एक लवचीक लेप असतो. त्यावरचे उथळ ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने भरून येतात. फिल्म आरपार चिरली गेली, तर मात्र ती भरून येत नाही.

खड्याचे गणित

दोन ग्रॅमचा खडा आणि गाडी यांचा सापेक्ष वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर असेल, तर आघाताची ऊर्जा ०.१ ज्यूल होते. वेग ताशी १०८ किलोमीटर झाला, तर ती ०.९ ज्यूल होते. वेग तिप्पट, ऊर्जा नऊपट. म्हणून गावात फिरणाऱ्या गाडीचा आणि दर आठवड्याला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर धावणाऱ्या गाडीचा प्रश्न एकच नाही. शिवाय हा मार प्रामुख्याने पुढून येतो. तो बंपर, बॉनेटची पुढची कड, आरशांच्या पाठी आणि चाकांमागचा भाग यांवर पडतो. छताला खडे क्वचितच लागतात.

फिल्मची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन असते. म्हणजे ज्या रंगाचे रक्षण करायचे, त्याच्याहून हे पांघरूणच जाड! त्यामुळे खड्याने उडणारे रंगाचे टवके ती खरोखर थांबवते. पण तिच्याखालचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. कोणी गाडी ठोकली, तर पडणारा पोचा ती थांबवू शकत नाही. दारांच्या आतून, सांध्यांत साचलेल्या पाण्याने येणारा गंजही तिला रोखता येत नाही. आणि सर्वाधिक टवके ज्या बंपरवर उडतात तो प्लॅस्टिकचा असतो. त्याला गंज चढण्याचा प्रश्नच नाही. तिथे प्रश्न फक्त रूपाचा आहे.

दुकानात याच यादीत ‘टेफ्लॉन’ आणि ‘सिरॅमिक’ लेपही असतात. त्यांची गल्लत करू नये. टेफ्लॉन सुमारे ३२७ अंशांना वितळते. तव्यावर ते भाजून बसवतात, गाडीवर तसे बसवता येत नाही. सिरॅमिक लेपाची जाडी एक-दोन मायक्रॉनच्या आसपास असते. त्याने पाणी ओघळून जाते आणि धुणे सोपे होते, पण खडा अडत नाही.

तर मग काय करावे?

वार्निश, जस्त आणि फिल्म या तिघांची कहाणी एकच आहे. वरचा थर मार स्वतःवर घेतो आणि कधीतरी तो बदलावा लागतो. फिल्मही पाच-दहा वर्षांनी काढावी लागते. ती फार जुनी होऊ दिली तर नीट निघत नाही, आणि दुरुस्तीत रंगवलेल्या भागावरून काढताना कधी रंगही सोबत येतो. तेव्हा आपण विकत घेतो ते मूळ भाजलेला रंग काही वर्षे जपण्याचे साधन, कायमचे अभय नव्हे.

म्हणून आम्हाला असे वाटते, की गाडी महामार्गावर बरीच धावणार असेल आणि दीर्घकाळ ठेवायची असेल, तर पुढच्या भागापुरती फिल्म लावणे सयुक्तिक आहे. ती गाडी नवी असतानाच लावावी. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला आपादमस्तक फिल्म लावण्यात विज्ञानाच्या बाजूने फारसे तथ्य दिसत नाही. पक्ष्यांची विष्ठा वेळेवर पाण्याने भिजवून पुसली, तर बरेच काम होते.

या हिशेबात बिलावर न येणारी एक रक्कम मात्र धरायला हवी. दुरुस्तीच्या रंगात वापरले जाणारे आयसोसायनेट फवाऱ्यातून श्वासात गेले, तर त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा जडल्यावर अगदी थोड्या मात्रेनेही त्याचा त्रास होतो. तयार फिल्ममध्ये ते आधीच बांधले गेलेले असते. म्हणून गाडी पुन्हा रंगवायची वेळ आलीच, तर कारागिराला योग्य मुखवटा आणि हवा खेळती असलेली जागा मिळते ना, हेही विचारावे.

वर्गात हे करून पाहता येईल. डब्याच्या तीन सारख्या झाकणांवर पोस्टर रंगाचा सारखा थर द्या आणि वाळू द्या. एक झाकण तसेच ठेवा, दुसऱ्यावर साधी चिकटपट्टी आणि तिसऱ्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावा. एक मीटर लांबीच्या उभ्या नळीतून तिन्हींवर मोजून सारखी वाळू सोडा. डोळ्यांची काळजी घ्या. किती पेल्यांनंतर कुठे पत्रा दिसू लागतो, याची मुलांना नोंद करायला सांगा. रंगांचे कारखानेही वाळू पाडून थराची झीज मोजतात. मग नळीची लांबी निम्मी करा आणि आता किती पेले लागतील, याचा अंदाज मुलांना आधी फळ्यावर लिहायला लावा.